लिंबाजीच्या नावानं लिहिलेलं

लिंबाजी गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. पेरणी जवळ आलेली, दुकानात बियाण्याच्या पिशव्या उतरवून घेत होतो, आणि खिशातला फोन एकसारखा थरथरायला लागला. काढून बघितला तर लिंबाजीचा फोटो... कुठल्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला, हसू दाबून धरलेला. भोवती कुणी तरी फुलांची चौकट लावलेली, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याच्याखाली जोडलेले हात, एकाखाली एक, संपायला तयार नाहीत. ते हात जोडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी गेल्या हिवाळ्यात याच ग्रुपवर याच माणसाला काय काय म्हटलं होतं, ते मला पाठ होतं. ग्रुपवर लिंबाजी स्वतः नव्हता. त्याला काढून टाकलं होतं. ॲडमिन मी आहे, त्यामुळं काढणारं बोटही माझंच. मी पण हात जोडले. सवयीनं. मग शटर अर्धं ओढून आतल्या अंधारात बसून राहिलो. मेंढरं घेऊन पाटोद्याच्या बाजूला गेलेला, तिकडंच माळावर छातीत दुखायला लागलं, कुणाच्या तरी जीपमध्ये घालून बीडला आणताना वाटेतच संपला, एवढं नंतर समजलं.

या पुरवणीच्या वाचकांना लिंबाजी ठाऊक असायचं काही कारण नाही. आमचं गाव नेकनूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. आमच्या घरची शेती आहे, माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. लिंबाजी धनगराच्या घरचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. सातवीनंतर तो मेंढरांमागं गेला, मी बीडला कॉलेजात गेलो, आणि परत आलो तेव्हा तो मला ‘सुधाकरराव’ म्हणेल की काय अशी मला धास्ती होती. म्हणाला, “आलास का बे? तिकडं काय शिकविलं ते सांग, म्हंजी मला वाद घालायला बरं.” वाद घालणं हा त्याचा जीव की प्राण. दुकानासमोर काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी कशावरूनही जुंपायची... देव नवसाला पावतो का, विहिरीचं पाणी आटलं त्यात सरकारचा दोष किती आणि आपला किती, मेंढरू शहाणं की शेळी. एकदा देवळाच्या पुजाऱ्याशी देव कुणाचा यावर तासभर घातला. शेवटी म्हणाला, “म्हाराज, देव बसतो आमच्या घोंगडीवर आन जेवतो तुमच्या ताटात. आता तुमीच इचारा त्येला, कुनाचा म्हून.” पुजारी इतका हसला की त्याला ठसका लागला. भांडण झालं की दोघं मिळून चहा प्यायचे. लिंबाजीच्या हिशेबात चहा प्यायला की भांडण मिटलं. उद्या नवीन काढायचं.

घोंगडीचं असं, की खंडोबाची पालखी यात्रेत देवळातून निघते आणि मधल्या पारावर विसावते, तेव्हा तिच्याखाली लिंबाजीच्या घरची काळी घोंगडी अंथरतात. हा त्यांच्या घराचा मान. कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि दुसरा संबंध मेंढरांचा. ज्वारी निघाली की शेत मोकळं होतं. मग ज्याचं शेत तो लिंबाजीला निरोप धाडायचा, यंदा आमच्यात बसव. मेंढरांचा कळप त्या रानात मुक्कामाला बसायचा, लेंडीखतानं रान पोसायचं, बदल्यात त्याच्या घरी ज्वारी जायची. त्याच्या वर्षभराच्या भाकरीची सोय या बसण्यातून व्हायची. यात लिखापढी काही नसते. नांगरट थोडी पुढं ढकलायची आणि निरोप धाडायचा, एवढंच. हे नीट सांगितलं, कारण पुढं जे घडलं ते यातूनच घडलं.

मागच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि आमचा ग्रुप नासला. ग्रुप म्हणजे गावाचा, मीच काढलेला. पाण्याची पाळी, लाइट कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, असल्या निरोपांसाठी. निकालानंतर त्यावर आमच्या भावकीतल्या पोरांनी लिहायला सुरुवात केली, की आपला माणूस पडला तो कुणामुळं पडला ते सगळ्यांना माहीत आहे, खाल्ल्या मिठाला न जागणारे कोण तेही माहीत आहे. नाव कुणाचं नाही, पण रोख धनगरांच्या घरांकडं. मग बाहेरून आलेली चित्रं, अर्धवट कापलेली भाषणं, कुणी कुणाच्या देवाला काय म्हटलं, कुणाचा इतिहास खरा... दिवसभर एकच रांग. एका दुपारी लिंबाजी फोन घेऊन दुकानात आला. त्याला वाचता यायचं, पण लिहायचं म्हटलं की अक्षर शोधता शोधता त्याचा राग निघून जायचा. म्हणाला, “वाच बे. हे आमालाच हाय ना?” मी म्हटलं, दुर्लक्ष कर. तो म्हणाला, “समोर बोलला आसता तर केलं आसतं. समोर मानूस दिसतंय, त्येचं त्वांड बघून कळतंय किती खरं, किती फुकाचं. हितं काय दिसतंय?” मला तोंडानं उत्तर देता येतं, बोटानं येत नाही, असं तो म्हणाला. आणि मी म्हटलं, दे, मी लिहून देतो.

इथं थांबून खरं सांगायला हवं. मला त्याची कीव आली म्हणून मी लिहिलं नाही. आमच्या पोरांचं ते लिहिणं मलाही खुपत होतं, पण माझ्या नावानं विरोधात लिहायची माझी छाती नव्हती. दुकान गावाच्या मर्जीवर चालतं, मुलीचं स्थळ बघायचं चाललेलं, भावकीचे डोळे माझ्यावर. लिंबाजीला गमवायला काय आहे, असं मनात कुठंतरी होतं. मी ते शब्दांत मांडलं नव्हतं, पण होतं. गावातली निवेदनं, लग्नपत्रिका, दुखवट्याची पत्रं माझ्याच हातची असतात, माझी भाषा लोक ओळखतात. म्हणून मी त्याच्या बोलीत लिहिलं. हाय, न्हाई, कावून, सगळं त्याच्यासारखं, मुद्दाम थोडं अशुद्धही. पहिलं होतं ते असं: ‘मताची पेटी तर बंद हुती. तुमाला आतलं कसं दिसलं?’ ते मी त्याच्या फोनवर धाडलं, कसं दाबून धरायचं आणि उचलून दुसरीकडं कसं टाकायचं ते शिकवलं, आणि त्यानं टाकलं. लोक हसले. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांतलेही दोघं-तिघं हसले. लिंबाजी खूश. “तुजी अक्कल, माजं त्वांड,” म्हणाला, आणि त्या दिवसाचा चहा त्यानं पाजला.

मग ते चालूच राहिलं. तो माळावर, मी दुकानात. ग्रुपवर काही आलं की मी गिऱ्हाईक सोडून उत्तर रचायचो, त्याला धाडायचो, थोड्या वेळानं ते त्याच्या नावानं उगवायचं. मग लोक तुटून पडायचे, आणि मी काउंटरवर बसून ते बघायचो. माझ्या वाक्यानं कुणाला कुठं लागलं, कोण गप्प झालं. इतकी मजा मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींत आली असेल. आणि फार पेटलं की मी माझ्या स्वतःच्या नावानं शुद्ध मराठीत लिहायचो, ‘सर्वांनी संयम पाळावा ही नम्र विनंती.’ त्याला सगळ्यांचे अंगठे यायचे. लोक म्हणायचे, सुधाकरभाऊ आहेत म्हणून ग्रुप टिकून आहे.

लिंबाजीचा उत्साह माझ्या आधी ओसरला. त्याला त्यातली एक गोष्ट उमगत नव्हती. सकाळी ग्रुपवर ज्याच्याशी वाद झाला तो दुपारी पाणंदीत भेटला, हा नेहमीसारखा रामराम म्हणाला, आणि तो मान फिरवून गेला. मला येऊन विचारलं, “आरं, ते तर सकाळचं हुतं ना?” मी काहीतरी हसण्यावारी नेलं. पारावरचं भांडण संध्याकाळच्या भजनापर्यंत विरून जातं. हे तिथंच राहतं, फोन उघडला की पुन्हा ताजं, आणि जो उघडतो त्याला ते पहिल्यांदाच लागतं... हे मला कळत होतं. त्याला सांगितलं नाही. त्यानं पुढं एकदा स्पष्टच म्हटलं, बास कर आता, मला यात चव न्हाई. मी म्हटलं, एवढं यात्रेपर्यंत. कारण तेव्हा विषय घोंगडीवर आला होता. कुणी तरी लिहिलं होतं, की जे आपल्या माणसाला पाडतात त्यांच्या घरची घोंगडी देवाच्या पालखीखाली कशाला? आणि त्याला दिगंबरआबांनी अंगठा दिला होता.

दिगंबरआबा म्हणजे आमच्या गावचे माजी सरपंच. आमच्या भावकीतले, मला काकाच्या जागी. गावात त्यांचा शब्द अजून चालतो. माझा त्यांच्यावर जुना राग होता. सोसायटीच्या निवडणुकीत ऐनवेळी त्यांनी माझं नाव कापलं होतं आणि मी त्यांच्यासमोर एक अक्षर बोललो नव्हतो. त्या दिवशी तो अंगठा बघितला आणि माझ्यात काय उसळलं ते उसळलं. मी लिंबाजीच्या बोलीत आबांच्या वारलेल्या वडलांबद्दल एक वाक्य लिहिलं. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. दुष्काळातली एक गोष्ट, त्या घराला खाली मान घालायला लावणारी. ती आमच्या अण्णांनी, माझ्या वडलांनी, डोळ्यांनी बघितली होती, आयुष्यभर पोटात ठेवली होती, आणि शेवटच्या आजारात मला सांगितली होती, ‘आपल्यापुरती ठेव’ म्हणून. म्हणजे त्या एका वाक्यात मी अण्णांनाही फसवलं. लिंबाजी तेव्हा अडलेल्या मेंढीपाशी बसला होता. हात भरलेले. माझं आलंय म्हटल्यावर त्यानं न वाचता ते उचलून टाकलं.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. एवढ्या वर्षांत त्याचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. “हे काय लिवलंस बे? मेलेल्या मान्सावर? मला तर हे ठावंच न्हाई... खरं हाय का हे?” मी म्हटलं, खरं आहे. तो म्हणाला, “मंग तर आजूनच वाईट.” आणि फोन ठेवला. तोवर ते वाक्य शंभर ठिकाणी गेलं होतं. पोरं काठ्या घेऊन धनगरांच्या घरांकडं निघाली, आबांनीच त्यांना अडवलं हेही सांगायला हवं. ग्रुपवर एकच मागणी, त्याला काढा. मी काढलं. आणि माझ्या नावानं खाली लिहिलं, ‘वैयक्तिक टीका खपवून घेतली जाणार नाही.’

आबांचा निरोप आला की लिंबाजीनं पारावर सगळ्यांसमोर माफी मागावी, मग विषय संपला. संध्याकाळी लिंबाजी दुकानात आला. मला वाटलं, आता हा म्हणेल, तू चल, तू सांग. मी उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, “माफी लिवून दे. बोलाय गेलो तर मला रडू येईल, कागुद आसंल तर वाचीन.” आणि मी लिहून दिली. काउंटरवर बसून, चांगल्या कागदावर, मोठ्या अक्षरात, त्याला वाचायला सोपं जावं म्हणून. चांगली लिहिली. तशी मला येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार भरला होता. आबा आणि मोठी माणसं वर बसलेली, मीही त्यांच्यातच, माझ्या नेहमीच्या जागी. लिंबाजी खाली मातीत उभा राहिला, चपला बाजूला काढून. कागद दोन्ही हातांनी धरला होता. त्यानं अडखळत सगळी वाचली. माझ्या हातून दिवंगत व्यक्तीचा अवमान झाला... मला पश्चात्ताप होत आहे... वाचून झाल्यावर आबा म्हणाले, “लिवलीय झकास.” आणि माझ्याकडं बघितलं. लोक हसले, कारण असलं मराठी गावात कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक. मीही जरासा हसलो. मग आबा त्याला म्हणाले, “ही माफी कुनाची ते कळलं. आता मला ते आदीचं सांग. ते कुनी लिवलं?”

लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याच्याकडंच बघत होतो, म्हणून हे खात्रीनं सांगतो. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि म्हणाला, “माफी भाऊची हाय आबा. शिवी माजी हाय.”

उठून एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात आलेलं होतं, मी ते चव घेतल्यासारखं जिभेवर धरून बसलो होतो. शेजारच्या कुणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, असल्याची पण माफी लिहून देता भाऊ, तुमचं काळीज मोठं... आणि मी ते वाक्य गिळलं. ‘भाऊ’ म्हणून लिंबाजीनं मला आयुष्यात तेवढं एकदाच म्हटलं.

विषय संपला नाही. त्या यात्रेत पालखीखाली सतरंजी आली. कुणी ठरवलं, विचारू नका, कुणीच ठरवलं नाही. आणि ज्वारी निघाल्यावर काय झालं, ते आमच्याच गावाला सुचावं. लिंबाजीला नको असं कुणीही म्हटलं नाही. कडबा उचलला जाताच लोकांनी नांगर घातले. एरवी निरोप धाडायला नांगरट मागं ठेवणारं गाव, त्यानं यंदा एकमेकांच्या पुढं ट्रॅक्टर बोलावले. मोकळं रानच नाही म्हटल्यावर मेंढरं बसवायचा प्रश्न येतच नाही आणि नाही म्हणायची पाळीही येत नाही. मोठा सभ्य उपाय. लिंबाजी बांधाबांधानं फिरला, ढेकळं बघितली, आणि शेवटी आमच्या मळ्याकडं आला. आमच्यात त्याची मेंढरं अण्णांच्या काळापासून बसायची. मी बांधावर उभा होतो. ट्रॅक्टर रानात चालू होता.

मी म्हटलं, यंदा जरा लवकर घातलं. तो आवाजातून ओरडून म्हणाला, “बरं केलंस, ढेकळं तापतील.” जाताना म्हणाला, पाटोद्याकडं जातो, तिकडं मला कुनी वळखत न्हाई. हे तो हसत म्हणाला. मला त्या हसण्यात टोमणा शोधायचा होता, सापडला असता तर बरं वाटलं असतं. नव्हता. ती आमची शेवटची भेट.

दहाव्यानंतर मी कोंडावहिनींकडं गेलो. लिंबाजीची बायको. अंगणात एका अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, जसं इथं सांगितलं तसं, अण्णांच्या गोष्टीसकट. कोकरू पिऊन झालं, त्यांनी त्याचं तोंड पदरानं पुसलं. मी म्हटलं, वहिनी, त्यानं तुम्हाला कधी सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. घरात तो विषय काढला की उठून मेंढरांत जाऊन बसायचा. मग म्हणाल्या, “लोक मला म्हनले, तुजा नवरा मेलेल्याला शिव्या देनारा. बाजारात म्हनले, पान्यावर म्हनले. मी म्हनलं आसंल, मान्साचं काय सांगावं. भावजी, मी बी त्येलाच धरलं की हो.” मी माफी मागायला गेलेलो, ती मागायला मला तोंडच राहिलं नाही. उठताना त्या म्हणाल्या, “मला सांगून काय करताय? ज्येंच्याम्होरं त्येला हुबं केलं त्येंच्याम्होरं सांगा.”

माझा स्वभाव बघा. मी आधी सोपं ते केलं. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, माझ्या नावानं, सरळ शब्दांत. ते वाक्य लिंबाजीचं नव्हतं, मी लिहिलं होतं, त्याआधीचंही सगळं माझं होतं. पाठवलं आणि वाट बघत बसलो. मला वाटलं होतं, माझ्यावर तुटून पडतील. पहिलं उत्तर आलं, ‘भाऊ, मेलेल्याचा दोष अंगावर घ्यायला मन लागतं.’ मग जोडलेले हात. मग, ‘मैत्री असावी तर अशी.’ मी पुन्हा लिहिलं, की मोठेपणा नाही, हे खरं आहे. त्यावर कुणी तरी लिहिलं, ‘खरा मोठा माणूस असंच म्हणतो.’ लिंबाजीनं मातीत उभं राहून मागितलेली माफी कुणी धरली नाही, आणि माझं मी ओरडून सांगितलेलं पाप माझ्या खात्यावर पुण्य म्हणून चढत होतं. एकानं तर त्यातही लिंबाजीला एक टोला दिला, की असल्या माणसासाठीही भाऊंना इतकं वाटतं. त्याची बदनामी धुवायला गेलो आणि आणखी एक थर चढवून आलो.

म्हणून आबांकडं गेलो. ओसरीवर एकटेच होते. मी म्हटलं, आबा, ग्रुपवरचं सोडा, तुम्ही विचार करा. ती गोष्ट लिंबाजीला कळणार कुठून? ती आमच्या अण्णांना ठाऊक होती, त्यांनी ती मला सांगितली. आबा सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “सुधाकर, मला त्याच दिवशी कळलं हुतं. तुज्या बापाशिवाय ते कुनाला ठावं?”

मला पहिल्यांदा ऐकू आलं ते नीट समजलं नाही. मी विचारलं, मग त्याला का उभं केलंत?

“कुनाला तरी हुबं करावंच लागतं. गाव तापलं हुतं.” अडकित्ता खाली ठेवून ते माझ्याकडं बघत म्हणाले, “मंग काय तुला मातीत हुबा करू? तू आपल्यातला. तुला केला आसता तर माजा बाप आन तुजा बाप, दोगं बी निघाले आसते पारावर. त्येचं काय, वाऱ्यावर गेलं.” आणि नंतर अगदी मायेनं, “आता गप बस. झालं ते झालं. त्येच्या बायकूला काय लागलं सवरलं तर आपन बघू.” त्या मायेची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्यांच्या रागाची कधी वाटली नव्हती. कारण ती ओळखीची होती. ट्रॅक्टर बोलावताना माझ्या पोटात हीच माया होती. आम्ही एकमेकांना असं सांभाळत आलो आहोत, आणि त्यासाठी दर वेळी खाली कुणीतरी उभं असतं.

परवा ग्रामसभा होती, पारावरच. सभा उठायच्या आत मी म्हटलं, मला एक वाचायचं आहे. वहिनींना सांगून ठेवलं होतं, त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण कडेला लिंबाच्या सावलीत येऊन थांबल्या होत्या. मी लिंबाजीसाठी लिहिली होती तीच माफी आठवून पुन्हा लिहून काढली होती, शब्द न् शब्द तोच. फक्त खाली नाव माझं, आणि शेवटी तीन ओळी जास्त. हे वाक्य लिंबाजीनं लिहिलं नाही, त्यानं ते वाचलंही नव्हतं, आणि त्याला जी शिक्षा झाली ती माझी होती. आबा पहिल्या ओळीलाच उठले आणि चप्पल घालून निघाले. त्यांच्यामागं आणखी काही. मी वाचत राहिलो. आवाज नीट लागत होता, कुठं अडखळलो नाही, माझं वाचन चांगलं आहे. वाचून झालं तेव्हा कुणी तरी पाण्याचा तांब्या पुढं केला, कुणी तरी सरकून मला बसायला जागा केली आणि म्हणालं, बसा भाऊ, ऊन लई हाय, दमलात.

बसायला म्हणून वळलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी वर आहे. पाराच्या कट्ट्यावर, चपला घालून, खालच्या सगळ्यांपेक्षा कमरेइतका उंच. वाचायला उठलो तो पायांनी आपोआप मला इथंच आणलं होतं, आणि ते कुणाला वावगं वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. समोर, पाच पावलांवर ती जागा होती, जिथं तो उभा राहिला होता. कुणीच तिथं नव्हतं. वहिनी तिकडंच बघत होत्या.

मी चपला काढल्या आणि खाली उतरलो. माती तापली होती. लोक उठायला लागले होते, कुणी गाडी चालू केली, एक-दोघं म्हणाले, झालं की भाऊ, ऐकलं आम्ही. तिथून वर बघितलं तर बसलेल्या माणसांचे आधी गुडघे दिसतात, तोंडं नंतर. कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.